फलाटावरची आई

धाकटा भाऊ आपली गोष्ट वाचून दाखवत होता. ताईने मध्येच शिलाई मशीन थांबवलं, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "हे तर पुस्तकातलं आहे."

"माझ्याच पुस्तकातलं!" धाकटा हसला. "आज छापायला जातंय."

"तुझ्या नव्हे रे, वाचनालयातल्या. पहिली पानं फाटलेली, लेखकाचं नाव-गाव काही नव्हतं त्याला."

धाकट्याने हातातल्या पानांकडे पाहिलं. त्याच्या गोष्टीत लहानग्याला फलाटावरच्या बाकावर बसवून आई पाणी आणायला जाते आणि गाडी सुटते. मांडीवरचं गाठोडं, बाकाचा गार लोखंडी हात, सगळं त्याला लख्ख आठवत होतं.

"अगं, मी होतो तिथे!"

"तू अंथरुणात होतास. आई वाचताना त्या पोराच्या जागी तुझं नाव घालायची. दुसऱ्या गोष्टीत माझं. मी कितीतरी दिवस समजत होते, मला चोरांनी पळवलं होतं!"

एरवी तो खो खो हसला असता. आता उठला, खिडकीशी गेला, तिथेही करमेना म्हणून परत आला.

"चिंध्या तुडवू नकोस. बस एका जागी."

फोन वाजला. प्रकाशक. "अहो, हो म्हणा एकदाचं, छपाई खोळंबलीय!"

"पाचच मिनिटं," म्हणत त्याने फोन ठेवला. "शेवट तरी माझा आहे, ताई. आई परत आली होती, एवढं पक्कं आठवतं. पण गोष्टीत मी तिला आणलीच नाही. आधी वाचलेल्या सगळ्यांनी वाखाणलं ते त्यालाच."

ताई जरा घुटमळली. "पुस्तकातही ती येत नाही."

"मग मला कसं..."

"तू रडून घर डोक्यावर घ्यायचास. म्हणून आईनेच तिला परत आणलं. रोज नवी सबब. कधी नळाला रांग, कधी चप्पल तुटली. मला पान दिसायचं ना, पण मी गप्प बसायचे."

तो मटकन खाली बसला. लाज वाटली, आणि आईची अशी आठवण आली की डोळेच भरले. पुन्हा फोन.

"शेवट बदलतोय," तो म्हणाला. "आणि गोष्ट आईकडून ऐकली, मूळ पुस्तक सापडलं नाही, असं स्पष्ट छापा."

"वेड लागलंय का तुम्हाला? त्या शेवटावर तर पुस्तक उभं आहे!"

त्याने फोन ठेवला. शेवटच्या पानावर आडवी रेघ मारली.

"ताई, परत आल्यावर ती काय म्हणायची गं?"

"'एवढ्यात घाबरलास?'" ताई म्हणाली. "आणि दिवा मालवायची."