शनिवारची घंटा आणि दुसरी सिस्टीम

वाल्टोला सगळं गाव घंटेवाला म्हणे, पण दोर ओढायचे दिवस केव्हाच सरले होते. चर्चच्या मागच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर दर शनिवारी संध्याकाळी सहाला घंटा वाजवी आणि वाल्टो त्याच्यावरची धूळ पुसे. ती घंटा झाली म्हणजे रविवार उंबऱ्याशी आला. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दुपारपासून सौना, म्हणजे घरची वाफेची न्हाणी, तापवून ठेवलेला असे. घंटा ऐकायची, भिंतीवरचं घड्याळ तिच्याशी जुळवायचं आणि मगच तापल्या दगडांवर पहिलं पाणी टाकायचं, ही फिनलंडातल्या त्या गावाची रीत.

चर्चच्या धर्मगुरू राउहाबाईंनी मात्र नुकतंच त्याच्या कानावर घातलं होतं, "वाल्टो, सगळ्या गावांच्या घंटा आता शहरात बसून वाजवता येतात म्हणे. सोमवारच्या सभेत विषय निघणार. आपली बिनबोभाट चालली, तर मी आपलीच ठेवा म्हणेन."

घंटा गेली तर हाती उरणार काय? बर्फ झाडायचं फावडं! वाल्टोची झोप उडाली.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात ऑर्गन वाजवणाऱ्या हेल्वीने त्या कॉम्प्युटरवर दुसरी सिस्टीम टाकायचा घाट घातला. म्हाताऱ्या बायांच्या ओठांवरच्या जुन्या भजनांच्या चाली तिला लिहून ठेवायच्या होत्या, त्या बाया आहेत तोवर. अशा कामाला ना म्हणायचं कसं?

"तुझ्या जुन्या सिस्टीमला धक्का नाही लावत रे," ती म्हणाली. "एका घरात दोन बिऱ्हाडं, एवढंच."

"दोन बिऱ्हाडं म्हणजे भांडण आलंच की गं."

आधी कॉम्प्युटर तिच्या पेनड्राइव्हला ओळखच देईना. हेल्वीने सुरुवातीच्या सेटिंगमधली एक कडी काढली, तेव्हा कुठे नवी सिस्टीम आत शिरली. शिरली ती अशी, की चालू करताना यादीत जुनीचं नावच दिसेना. वाल्टो देवाला हाका मारू लागला. हेल्वीने एक ओळ टाइप केली आणि जुनी पुन्हा यादीत येऊन बसली.

"बघ, आहे ना? उगाच देवाला हाका मारत होतास."

"मारल्या म्हणूनच आली!"

शनिवारी दुपारी हेल्वीने नव्या सिस्टीमवर चाली लिहिल्या, मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करून जुनी लावून दिली आणि घरी गेली.

संध्याकाळी वाल्टो पंचा गुंडाळून सौन्यातल्या बाकावर बसला. दगड लाल झाले. सहा वाजले. सहा वाजून गेले. गावभर शांतता. फोन म्हणून कुणी केला नाही. घंटा कशी चुकेल, आपलंच घड्याळ पुढे गेलं असणार, असं म्हणत जो तो कोरडाच भाजत बसला. शेवटी शेजारच्या ओइवाने दार किलकिलं करून हाक दिली, "वाल्टो! रविवार रद्द झाला का रे? माझा पापड झालाय इथे!"

वाल्टो अंगावर झगा चढवून बर्फातून धावत सुटला. हेल्वीही डोक्याला टॉवेल बांधून पोहोचली होती. पडद्यावर सव्वाचार वाजले होते.

हेल्वीने कपाळाला हात लावला. "अरे देवा! माझी सिस्टीम आतल्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहून गेली. तुझी बिचारी तीच आपल्या गावची समजून बसली. दोन तास मागे! इथे इंटरनेटही नाही तिला खरं सांगायला."

"मग लाव ना बरोबर!"

"बरोबर लावलं तर सहा होऊन गेलेले. सहाची घंटा आता पुढच्या शनिवारीच वाजवेल ती."

"मग चूकच लावू," वाल्टो हळूच म्हणाला.

घड्याळ सहाच्या अलीकडे आणलं. क्षणभराने घंटा दणाणली आणि गावातल्या सगळ्या सौन्यांतून एकदमच चर्र झालं. मग दोघांनी घड्याळ खऱ्या वेळेवर आणलं आणि हेल्वीने नव्या सिस्टीमलाही गावची वेळ मानायला शिकवलं.

भिंतीवरच्या घड्याळांचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही.

रविवारी प्रार्थनेची घंटा अगदी वेळेवर झाली. चर्च रिकामं. मग घंटा ऐकून एकेक जण धापा टाकत आला. ओइवाच्या कोटाची बटणं वरखाली होती, त्याच्या बायकोच्या गालाला लापशी होती.

राउहाबाई वाल्टोजवळ आल्या. "काल घंटा झाली तेव्हा माझ्या फोनमध्ये सव्वासहा होऊन गेले होते."

"चूक माझी..." वाल्टोने मान खाली घातली.

"माझी," हेल्वी ऑर्गनवरून म्हणाली. "सिस्टीम मी टाकली. आता दुरुस्त आहे."

"आणि सगळं कळत असून मी पाव तास कोरडी भाजलेच ना! फोन हातात, पण घंटेआधी पाणी टाकायचा धीर होईना." बाईंनी ओठ आवळले, पण हसू फुटलंच. "उद्या सभेत सांगते, आपली घंटा उत्तम आहे. गावाचीच घड्याळं तेवढी बिघडलीत."

हेल्वीने सूर धरला. धापा टाकणाऱ्यांचा पहिला चरण कुठल्याकुठे गेला. राउहाबाईंनी तो पुन्हा घ्यायला लावला, आणि वाल्टो सगळ्यांच्या वर आवाज काढून गायला.