चार बोटं दुमड

"ही काच नव्हे," बाबा म्हणाले आणि तोंडातला तुकडा त्यांनी जिभेने पुढे ढकलून लेकीच्या तळहातावर काढून ठेवला.

सकाळपासूनची ही दुसरी खेप. पहिली साखर तिने जरा लवकर उतरवली होती, ती फिकट म्हणून नापास झाली. दुसरी चांगली मधाच्या रंगाची जमली होती, तीही नापास. शहाऐंशी वर्षांच्या या माणसाच्या पोटात चार दिवस दोन घोट दूध आणि पाणी याशिवाय काही गेलं नव्हतं. दिवसातला निम्मा वेळ समोरचं माणूस कोण हेही त्यांना कळत नव्हतं. पण परीक्षा घ्यायची खोड काही गेली नव्हती.

"मग कशी असते काच?" तिने विचारलं.

"काचेसारखी," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मागतील ते द्या, आता पथ्य कसलं, असं डॉक्टर गुरुवारी सांगून गेले होते. त्याचा अर्थ न कळण्याइतकी ती लहान नव्हती, अठ्ठावन्नची होती. डॉक्टर गेल्यावर आपल्याला रडू येईल म्हणून ती थोडा वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली. रडू आलं नाही. मग ती शेजारच्या काकूंना बसवून कामावर गेली आणि संध्याकाळपर्यंत तिने अकरा पँटी आखूड केल्या. शुक्रवारी नऊ, शनिवारी चौदा. आतून सगळं बधिर झालं होतं, पण शिलाई एकही वाकडी गेली नाही.

रेडीमेड कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तिचं मशीन होतं. दुकानात सगळे तिला पँटवाल्या मावशी म्हणत. जगात कुणाचेही पाय रेडीमेड पँटीच्या मापाचे नसतात, आणि त्या एका गोष्टीवर तिचं तीस वर्षं पोट भरलं होतं. सुईने बोटांची टोकं इतकी निबर झाली होती, की आता तापल्या साखरेचा थेंब उडाला तरी तो निपटून काढावा लागे तेव्हा कळे. लग्न झालं नव्हतं. त्याची कारणं एकेकाळी मोठी वाटली होती, आता तिलाही नीट आठवत नव्हती.

शनिवारी संध्याकाळी बाबांनी अचानक डोळे उघडून "काच कर" म्हटलं, तेव्हा मात्र तिच्या हातातला पेला कलंडला होता. पन्नास वर्षांत त्या घरात हा शब्द कुणी काढला नव्हता.

काच म्हणजे जाळलेली साखर, दुसरं काही नाही. बाबा साखरेच्या गोदामात पोती वाहायचे. गोणपाटाच्या विणीतून साखर झिरपायची, अंगावरून घरंगळायची आणि त्यांच्या पँटीच्या दुमडलेल्या टोकांत जाऊन साठायची. घरी आले की आई वर्तमानपत्र पसरायची, बाबा त्यावर उभे राहायचे, आणि आई खाली बसून दोन्ही दुमडी उलट्या करायची. चिमूटभर, कधी दोन चिमटी. ती डब्यात जायची. महिनाअखेरीला डबा लोखंडी तव्यात रिकामा व्हायचा, तेल लावलेल्या ताटलीत तो तांबूस रस ओतला जायचा आणि थंड झाला की लाटण्याचा एक ठोका. चार जणांचे चार तुकडे. पण लगेच खायचं नाही. आधी तुकडा खिडकीशी धरून त्यातून बाहेर बघायचं आणि काय दिसतं ते सांगायचं. सांगितल्याशिवाय तोंडात टाकला तर पुढच्या महिन्याला अर्धाच मिळे.

"सांडलेली साखर कुणाची नसते," आई म्हणायची. आणि असं म्हणत म्हणत तिने दुमड दोन बोटांची तीन आणि तिनाची चार बोटं केली. "अगं, अजून वर चढवलीस तर गुडघ्याला लागेल," बाबा हसायचे. गेटवर रोज झडती व्हायची. खिसे बघायचे, डबा उघडून बघायचे. दुमडीकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

हात पुसून तिने दादाला फोन लावला. दादा दुसऱ्या गावात असायचा. येत्या बुधवारी येणार होता.

"दादा, काचेत आई अजून काय घालायची रे?"

"साखर. आणि बाबांच्या पायाची धूळ," दादा हसला. मग त्याने विचारलं, "खातायत का काही?"

"काच मागतायत. दोनदा केली. ही नव्हे म्हणतात."

"ती आता कुठून येणार बारके? तिला गोणपाटाचा वास असायचा. आठवतं? दातात धागे अडकायचे." तो पुढे म्हणाला, "गोदामाच्या त्या मुकादमाकडे कुणी चुगली केली, ते शेवटपर्यंत कळलं नाही बघ. मला वाटतं, तो त्यांच्याबरोबरचाच, जळका कुणीतरी."

"हं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चुगली करणारा कुणी जळका नव्हता. ती आठ वर्षांची होती. वर्गात तिच्या शेजारी गोदामाच्या कारकुनाची मुलगी बसायची, नेहमी आपल्या डब्यातलं हिला द्यायची. एकदा आपणही काही द्यावं म्हणून हिने आपल्या वाटणीची काच न खाता कागदात बांधून नेली. मैत्रिणीने चाटून विचारलं, कुठून आणली? आणि ही अगदी तोऱ्यात म्हणाली, "आमचे बाबा पँटीतून आणतात."

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघी मैत्रिणी हातात हात घालून गोदामाच्या गेटशी गेल्या. भोंगा झाला होता, हमाल रांगेत होते. मुकादमाने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, अगदी आई पसरायची तसंच. "ये, उभा राहा यावर. दुमड सोड," तो बाबांना म्हणाला. बाबा वाकले. चार बोटं दुमड उलगडली आणि कागदावर दोन छोटे ढीग पडले. वाटीभरसुद्धा नसतील. रांगेतलं कुणीतरी हसलं. बाबा वर झाले, तेव्हा त्यांना गेटबाहेर लेक दिसली. आणि आपलं पोर दिसल्यावर माणूस करतो तसा त्यांनी तिला हात केला.

घरी जाताना उलगडलेली पँट त्यांच्या टाचांखाली येत होती. त्यांनी तिचा हात धरला होता आणि शाळेत आज काय शिकवलं ते विचारत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांना सिमेंटच्या शेडमध्ये टाकलं. तिथे लागलेला खोकला अजून त्यांच्या छातीत होता.

त्या संध्याकाळी आईने त्यांच्या सगळ्या पँटी काढल्या, ब्लेडने दुमडी उसवल्या आणि बारकीच्या हातात पहिल्यांदाच सुई दिली. "ही सपाट शीव," एवढंच म्हणाली. आईचे डोळे दुखत असतील म्हणून आपल्याला शिवायला दिलं, असं तिला वाटलं. आई गेली त्यालाही आता बारा वर्षं झाली. तिला सांगायचं राहून गेलं होतं. बाबांना तरी सांगायला हवं होतं, आणि बुधवारपर्यंत वेळ आहे की नाही, हेही ठाऊक नव्हतं. काच जमली की सांगायचं, असं तिने ठरवून टाकलं. नुसतं सांगायला तिची जीभ उचलत नव्हती.

रविवार होता, तिचं दुकान बंद होतं. कोपऱ्यावरचा किराणावाला उघडा होता.

"गोणपाटाचं पोतं आहे का हो? साखरेचं?"

"ताई, कुठल्या जमान्यात आहात? सगळं प्लॅस्टिकच्या पोत्यात येतं आता." तो हसला. "साखर घेऊन जा की. पोतं कशाला हवंय?"

"वासाला," ती म्हणाली.

किराणावाल्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग आत गेला आणि तांदळाच्या थप्पीखाली अंथरलेलं एक जुनं पोतं ओढून घेऊन आला. "उंदरांचं काही नाही यात. पण धुऊन घ्या."

तिने ते धुतलं नाही. उलटं करून गच्चीवर खूप झटकलं, उन्हात टाकलं, आणि मग त्यात दोन वाट्या साखर घालून तोंड बांधलं. ते गाठोडं मांडीवर घेऊन ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि लहान मूल थोपटावं तसं थोपटत, हलवत राहिली. वरच्या मजल्यावरची सून कपडे वाळत घालायला आली, तिने विचारलं, "काय करताय मावशी?" "साखर मळवतेय," ती म्हणाली. सुनेने मान डोलावली. अशा घरात अशा दिवसांत माणसं काहीही करतात, हे तिला समजत असावं.

तिसरी साखर तव्यात पडली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. धागे निवडले होते, तरी बारीक केसांसारखे काही राहिलेच. ते वितळत्या साखरेत जळाले आणि स्वयंपाकघरभर एक वास पसरला. धुळकट, कोरडा, जरा करपलेला. तिने ओट्याची कड धरली. गुरुवारनंतर तिला पहिल्यांदाच काही वाटलं. पण ते रडू नव्हतं, भीती होती. आठ वर्षांच्या मुलीला वाटावी तशी.

ताटलीतली काच तिने लाटण्याने फोडली आणि बाबांना उशीला टेकवून बसवलं. एक तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो आधी नाकाशी नेला. बराच वेळ तिथेच धरला.

"बाबा," ती म्हणाली. "आपली काच बंद झाली ना, तेव्हा..."

"अगं, हळू बोल," बाबा म्हणाले. "पोरं जागी आहेत."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ते आपल्याकडे पाहत नाहीत हे तिला कळलं. आईकडे ते तसे पाहायचे.

"पोरीला काही बोललीस का?"

तिने त्यांच्या पाठीमागची उशी सारखी केली.

"बोलू नकोस. सुई दिलीस हातात ते बरं केलंस, मन रमेल तिचं. पण बोलायचं नाही. मैत्रिणीला आपला खाऊ द्यावासा वाटला तिला. त्यात तिचं काय चुकलं?" त्यांना दम लागला. "दुमड आपण चार बोटं केली. तिने नाही केली."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. त्याच दिवसापासून, हात केला तेव्हापासून, आणि आईलाही. पन्नास वर्षं ती एक ओझं घेऊन वावरली आणि तेच ओझं ती दोघं शेजारच्या खोलीत घेऊन बसली होती. कुणी कुणाला ते दाखवलं नाही. मी बारकीच आहे बाबा, असं म्हणावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

"बोललीस का?" त्यांनी पुन्हा विचारलं. आता आवाजात काळजी होती.

"नाही," ती म्हणाली. "नाही बोलणार."

"मोठा तुकडा तिला दे."

तिने ताटलीतला मोठा तुकडा उचलला. बाबांनी आपला तुकडा खिडकीकडे उचलायचा प्रयत्न केला, पण हात छातीच्या वर जाईना. त्यांनी मानेनेच तिला खुणावलं.

"तूच बघ. काय दिसतं?"

तिने काच डोळ्यासमोर धरली. समोरच्या इमारतीची गच्ची पिवळी झाली होती, पाण्याची टाकीही पिवळी. दोरीवर कुणाच्यातरी तीन पँटी उलट्या टांगलेल्या होत्या.

"पँटी वाळत घातल्यात," ती म्हणाली.

"दुमडीच्या?"

तीस वर्षं तिने हेच काम केलं होतं, एवढ्या लांबूनही तिला दिसत होतं. तिन्ही सपाट होत्या.

"हो," ती म्हणाली. "चांगल्या चार बोटं."

बाबांनी मान डोलावली, तुकडा तोंडात ठेवला आणि डोळे मिटून चघळू लागले. तिच्या हातातला तुकडा बोटांच्या उबेने चिकट व्हायला लागला होता. ती तो खिडकीशी तसाच धरून उभी राहिली.