मल्हारची तिसरी तारीख

मल्हारला नेमकी तारखेच्या तोंडावरच सर्दी होते, यात काहीतरी काळंबेरं आहे, हे संयोगितानं मनाशी पक्कं धरलं होतं. एकदा झाली तर समजू शकतो. पोरच ते, शिंकणारच. पण दोनदा? सांगलीच्या दवाखान्यात टाळू शिवायची तारीख मिळवायची, दहिवडीहून पहिली गाडी धरायची, आणि तिथं डॉक्टरांनी छातीला नळी लावून म्हणायचं, "घरघर आहे. अशात भूल देता येत नाही. पुढच्या वेळी बघू."

पोराच्या तोंडात, टाळूला जन्मापासून फट होती. त्याला ओढून पिता येत नव्हतं. मांडीवर उभं धरून चमच्याचमच्यानं दूध सोडायचं, मध्येच थांबून पाठ थोपटायची, तरी निम्मं नाकातून परत. एक पेला दूध पोटात घालायचं म्हणजे सकाळची दुपार व्हायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, फट वेळेत शिवली तर बोलणं सुधारेल, उगाच लांबवू नका. मल्हारनं 'आई' म्हणावं आणि ते चारचौघांना कळावं, एवढंच तिला हवं होतं. आणि हे कुणाला तरी नको होतं.

कुणाला, ते सांगायला ज्योतिषी नको. सासू मनुबाई. ग्रहणात सुनेनं विळी धरली म्हणून नातवाची टाळू चिरली, हे तिचं अख्ख्या भावकीला ऐकवून झालं होतं. संयोगितानं त्या दिवशी विळीला हातही लावला नव्हता, पण सांगायचं कुणाला? नवरा मानसिंग जम्मूला पलटणीत, फोनवर दोन्हीकडं 'बरं बरं' करणारा. वर म्हातारीचं पालुपद ठरलेलं. "एवढ्याशा जिवाला कापायचं कशाला? तशीबी माणसं जगत्यात की."

मल्हारला अंघोळ घालायची तीही म्हातारीच. पाय पसरून, पायांवर पालथं घालून, तांब्यामागून तांब्या. पाणी कोमट होतं की गार, कोण बघतंय? तिसऱ्या तारखेला आठवडा राहिला तसं संयोगितानं पोर सासूच्या हाती द्यायचंच बंद केलं. अंघोळ स्वतः घातली, शेक स्वतः दिला. शेजारी विरजण मागायला गेली तरी पोर काखेत.

मनुबाईही काही कमी नव्हती. तिचे डोळे सुनेवरून हलेनात.

"कुटं निगालीस त्याला घिऊन?"

"कुटं न्हाई, आत्याबाई. दारात."

"बघतीय मी. समदं बघतीय."

आता लपवण्यासारखं एकच काम संयोगिता करत होती. भैरोबाला तिनं नवस बोलला होता, ऑपरेशनच्या आदल्या पहाटे पोराला घेऊन ओलेत्यानं फेऱ्या घालीन, पण त्याचं सुरळीत होऊ दे. बोभाटा झाला की नवस फळत नाही, असं तिच्या आईनं शिकवलेलं. म्हणून सगळं गुपचूप.

त्या पहाटेही ती उठली. पौषातली माणदेशी थंडी, गोधडीतून हात बाहेर काढवत नव्हता. देवळामागच्या विहिरीवर तिनं पाणी शेंदलं आणि नेसत्या साडीनिशी डोक्यावरून ओतून घेतलं. कट्ट्यावर निजवलेल्या मल्हारला उचलून छातीशी धरलं, वारं लागू नये म्हणून ओल्या पदरात घट्ट गुंडाळलं, आणि फेऱ्या सुरू केल्या.

दोन फेऱ्या झाल्या नाहीत तोच कुणीतरी वाट अडवली. मनुबाई! अनवाणी, धापा टाकत.

"सोड! सोड माजं पोर!"

संयोगितानं मल्हारला आणखी आवळलं. ओढाताणीत ते रडायला लागलं. "दोन तारखा बुडवल्या तुमी. आता तिसरीबी बुडवायला आलाय व्हय?"

"मी बुडवल्या?" म्हातारी थबकली. "आगं, पोर घिऊन इहिरीकडं निगालीस तू. मला वाटलं..." तिनं एकवार विहिरीकडं पाहिलं. मग तिचा हात मल्हारच्या पाठीवर गेला आणि चेहरा पालटला. तिनं सुनेचा पंजा धरून पोराच्या पाठीवर दाबला. "बघ. हात लावून बघ."

कुंची भिजली होती. झबलं भिजलं होतं. आतलं अंग गार पडलं होतं.

"मागल्या दोन बारीलाबी अशीच आलतीस?"

संयोगितानं होकाराची मान हलवली, आणि हलवता हलवताच तिला उमगलं. इतके दिवस ती घरात चोर शोधत होती, आणि चोर देवाला फेऱ्या घालत होता. "मीच की वं केलं, आत्याबाई. मीच."

"रडाय वेळ न्हाई. आन त्याला हिकडं."

ज्या हातांपासून पोर लपवलं, त्याच हातांत द्यायचं. संयोगिताची बोटं सुटता सुटेनात. शेवटी सुटली. म्हातारीनं ओली कुंची भिरकावली, झबलं ओढून काढलं आणि मल्हारला आपल्या कोरड्या पदरात पोटाशी घेतलं.

"फेऱ्या मोडू नगंस. एकटीनं पुऱ्या कर. पोराला भिजवून आन, आसं देव म्हनत न्हाई."

ती फिरू लागली. देवळामागं गेलं की दोघं दिसेनाशी व्हायची आणि ती झपाझप पावलं टाकायची. पुढं आलं की पायरीवर म्हातारी, मांडीवर पोर. पुन्हा मागं, पुन्हा झपाझप. मग एका फेरीला ती पुढं आली, तर पायरी रिकामी.

वाटेवर चिटपाखरू नव्हतं. वाऱ्यातून उठवून घरी चुलीपाशी नेलं असेल. नेलंच असेल. पण ही तारीख नको असलेली म्हातारी होती, आणि पोर तिच्या ताब्यात होतं. संयोगितानं घराकडं धाव घ्यायला पाय उचलला. मग म्हातारीचा कोरडा पदर आठवला, तसा तो देवळाकडं वळवला, आणि थरथरत, दात वाजवत, उरलेल्या सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या.