बिनभोकांची बटणं

गोळी न घेण्यात शिंप्याचा फायदा एकच होता, पण त्याच्या लेखी मोठा: सुई टळणार होती. चाळीस वर्षं सुईवर पोट भरलेला हा माणूस इन्सुलिनच्या सुईचं नाव काढलं की भिंतीला टेकायचा.

त्याच्या शरीराने स्वतःच्याच स्वादुपिंडाशी वैर धरलं होतं. आधी डॉक्टरांना कॅन्सरची शंका होती. तपासण्यांनी ती फिटली. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी सूज उतरली, डोळ्यांतला पिवळेपणा गेला. साखर मात्र चढली.

"दोन-तीन आठवड्यांत खाली आली नाही, तर इन्सुलिन," डॉक्टर म्हणाले.

शिंप्याने धंद्यातली अक्कल लावली: जिथे घट्ट होतंय, तिथलीच शिवण उसवायची. गोळीने साखर चढते ना? मग गोळीच बंद. अर्थात गुपचूप.

साखर उतरली. "बघ, तुझा नवरा अजून मापात आहे," तो बायकोला म्हणाला. तीही हरखली.

बाराव्या दिवशी काजं करता करता तिने मान वर केली. "इकडे बघा. उजेडाकडे." तिने पांढऱ्या शर्टाची बाही त्याच्या डोळ्यांशी धरली.

"खिडकीचा उजेडच तसा आहे गं."

"मला रंग शिकवू नका."

डॉक्टर गावाला गेले होते, चार दिवसांनी येणार होते. गोळ्या चालू असून कावीळ उलटली, म्हणजे तो कॅन्सरच, असं तिने मनात धरलं. तिसऱ्या दिवशी ती हळूच म्हणाली, "कुणाचं कापड कुठल्या फळीवर आहे, एकदा सांगून ठेवा."

त्याने सांगितलं. खरं काय ते सोडून सगळं सांगितलं, आणि मशीन चालवत राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी शर्टाला एक बटण कमी पडलं. तिने डब्यातून पांढरं उचललं. सुई जाईना.

"अहो, याला भोकं का नाहीत?"

मशीन थांबलं.

तिने डबा उपडा केला. बिनभोकांची सोळा निघाली.

"चार दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात पोचवून येतेय," ती म्हणाली, "आणि तुम्ही खुशाल कपडे शिवत बसलात?"

संध्याकाळी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. कॅन्सर नव्हता; गोळी सोडली म्हणून दुखणं उलटलं होतं. गोळ्या पहिल्यापासून सुरू झाल्या, वर दिवसाला तीन सुया. शिंप्याने चुकवलेलं असं व्याजासकट वसूल झालं. पण चार दिवसांचं वैधव्य बायकोने भरलं, तेही नवरा समोर बसलेला असताना.