षष्ठीची सहल

थीम पार्कला वर्षातून कधी जावं, याबद्दल डोंबिवलीत ज्याला त्याला ठाम मत आहे. सुदेशच्या मजल्यावरचे मधुकाका बँकेतून निवृत्त झाल्यापासून सगळ्याच विषयांवर बोलतात. ते म्हणायचे, "डिसेंबर! हवा काय सुंदर असते." सुदेशची मेहुणी सोनल म्हणायची, डिसेंबरात तिथे मुंगी शिरायला जागा नसते, त्यापेक्षा जुलैत जा, भिजायचंच आहे तर वरूनही भिजा. सुदेश सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, तुमचं बरं आहे बाबांनो, तुमच्याकडे महिने तरी आहेत.

सुदेशचा धंदा मांडवाचा. दिवाळी संपली की तुळशीचं लग्न, आणि तुळशीच्या मागोमाग माणसांची लग्नं, ती थेट मे संपेपर्यंत. मग पावसात ताडपत्र्या, मग दहीहंडीची स्टेजं, मग गणपती, मग नवरात्र. थोडक्यात, गावाला जेव्हा जेव्हा आनंद होतो तेव्हा तेव्हा सुदेश बांबूवर चढून सुतळी आवळत असतो. सुट्टी आणि तो यांची गाठ पडायची म्हणजे लोकांनी हसणं-खेळणं बंद करायला हवं.

म्हणून त्याच्या मुलीची, वल्लरीची, सहल दोनदा बोंबलली. पहिल्यांदा डबे भरून झाल्यावर एका लग्नाची वेळ अलीकडे आली. दुसऱ्यांदा तर गाडी शिळफाट्यापर्यंत पोचली होती. तेवढ्यात फोन आला की कल्याणच्या एका मांडवाचं कापड वाऱ्याने सुटलंय, आणि सुदेशने गाडी वळवली. वल्लरी रडली असती तर परवडलं असतं. तिने घरी येऊन नवीन टोपी कपाटात ठेवली आणि गृहपाठाला बसली.

यंदा गणपती गेल्यावर एका संध्याकाळी तिने जेवताना सहज सांगितलं, "डिसेंबरमध्ये आमची शाळा नेतेय त्या पार्कला. मी नाव दिलंय. तुम्ही राहू द्या बाबा, तुम्हाला काम असतं."

किती समजूतदार पोर! प्राचीला कौतुक वाटलं. सुदेशने मात्र हातातला घास परत ताटात ठेवला. बारा वर्षांच्या मुलीने बापाला असं माफ करून टाकावं, हे त्याला झोंबलं. ती पहिल्यांदा पाळण्यात उंच जाईल तेव्हा शेजारी आपणच असलं पाहिजे, असं त्याने तिच्या लहानपणापासून मनात धरलेलं. ते आता बाईंच्या आणि पन्नास पोरांच्या हवाली करायचं? छे!

"प्राची, कॅलेंडर काढ," तो रात्री म्हणाला.

प्राचीने भिंतीवरचं कॅलेंडर खाली आणलं आणि दोघं त्यावर वाकून बसली. डिसेंबरच्या आत जायचं, तर एकच फट दिसत होती. पितृपंधरवडा. पंधरा दिवस लग्न नाही, वास्तुशांत नाही, दुकानाचं उद्घाटन नाही. वर्षभर न थांबणारे फोन या दिवसांत आजारी पडल्यासारखे गप्प असतात.

"पण सुरुवातीचे दिवस गणपतीचे मांडव उतरवण्यात जाणार," सुदेश म्हणाला. "बांबू टिटवाळ्याच्या गोदामात लागले पाहिजेत ना."

"आणि शेवटचा आठवडा नवरात्राचे खांब. मधे वल्लूची चाचणी परीक्षा. ती संपते गुरुवारी." प्राचीचं बोट शुक्रवारवर येऊन थांबलं आणि तिथून हलेना. "सुदेश, हा मोकळा आहे. एकच आहे. पण ही षष्ठी आहे रे."

षष्ठी म्हणजे सुदेशच्या वडिलांची, धोंडीबांची, तिथी. हा धंदा त्यांनीच उभा केलेला. त्या दिवशी घरात खीर, वडे, भाज्यांचा घाट, गच्चीवर कावळ्यासाठी पान, आणि आई कलावती दिवसभर डोक्यावर पदर घेऊन. अशा दिवशी पाळण्यात बसायला जाऊ का, असं तिला विचारणार कोण? प्राची म्हणाली, "आई तुझ्या आहेत." सुदेश म्हणाला, "तुझ्यावर जीव आहे तिचा." असं करता करता दोन दिवस गेले. चाळीस फुटांवर बिनधास्त उभा राहणारा हा माणूस आईच्या खोलीच्या उंबऱ्यावर पाय ठेवून दोनदा मागे फिरला.

तिसऱ्यांदा आईनेच हाक मारली. "आत ये की. दोन दिवस बघते, दारात घुटमळतोयस. काय झालंय?"

सुदेशने एका दमात सगळं सांगून टाकलं. शाळेचंही सांगितलं. कलावती तांदूळ निवडता निवडता ऐकत होती.

"पान तर दुपारी बाराला ठेवतात," ती म्हणाली.

"हो ना. मग राहू दे, आई."

"ऐकून तरी घे! तुझे बाबा कधी बाराला जेवलेले आठवतात तुला? सकाळी सातला भाकरी खाऊन बाहेर पडायचे मांडवावर. बाराला जेवायची त्यांना सवयच नव्हती. मी पहाटे उठून सगळं करते. सातला पान ठेवू. पण एक सांगते, कावळ्याने घास घेतल्याशिवाय कुणी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि मला पण न्यायचं."

सुदेश उडालाच. "तू? पार्कात?"

"का? माझं वय झालंय, डोळे नाही गेले. बघत तर बसेन."

शुक्रवारी पहाटे त्या घरात जी गडबड उडाली, तशी दिवाळीलाही उडत नाही. एका शेगडीवर खीर रटरटत होती, दुसरीवर वाटेतल्या खाण्याच्या तिखट पुऱ्या तळल्या जात होत्या, आणि कुठली पुरी पितरांची नि कुठली प्रवासाची यावरून सासूसुनांची जुंपली होती. वल्लरी तयार होऊन बसली होती खरी, पण टोपी तिने घातली नव्हती. हातात धरली होती. सुदेशच्या ते नजरेतून सुटलं नाही. अजून तिचा विश्वास नाही, त्याला कळलं, आणि वाईटही वाटलं.

सातला चौघं गच्चीवर गेली. कठड्यावर केळीच्या पानात सगळं वाढलं. कलावतीने हात जोडले, "काव काव" करून बोलावलं, आणि सगळे दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

कावळा काही येईना.

यायचा कशाला? या पंधरवड्यात डोंबिवलीच्या कावळ्यांइतकं सुखी कुणी नसतं. समोरच्या दोन इमारतींच्या गच्च्यांवर कालची पानं अजून अर्धी पडलेली. एक कावळा पाण्याच्या टाकीवर येऊन बसला, मान वाकडी करून वड्याकडे पाहिलं आणि पंख साफ करू लागला. सुदेश घड्याळ बघत होता. प्राची कावळ्याला डोळ्यांनी धमकावत होती.

आणि फोन वाजला.

सुदेशने नाव बघितलं. कल्याणच्या नवरात्र मंडळाचे दौलतशेठ. त्याने मान वर केली तर वल्लरी त्याच्याकडेच बघत होती. मग तिने नजर खाली घेतली आणि टोपीची घडी घालायला लागली.

"सुदेशभाऊ, लगेच निघा," दौलतशेठचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "कमिटी जमलीय मैदानावर. मांडव केवढा घ्यायचा ते आत्ताच फायनल करून टाकू."

वर्षानुवर्षांच्या सवयीने सुदेशच्या तोंडात "आलोच" हा शब्द तयार होता. त्याने तो गिळला. आणि जे होतं तेच बोलला.

"दौलतशेठ, आज जमणार नाही. आज वडिलांची तिथी आहे. पान ठेवून उभा आहे गच्चीवर."

दौलतशेठचा आवाज एकदम खाली आला. "अरे बापरे! माफ करा हां भाऊ, मला काय माहीत. नाही नाही, आज तुम्ही यायचंच नाही. तुम्हाला आज कुणी फोनसुद्धा करायला नको. सगळं निवांत होऊ द्या. उद्या बघू, परवा बघू."

फोन बंद झाला आणि सुदेश त्याच्याकडे बघतच राहिला. आजवर त्याने ताप सांगितला होता, मुलीचा वाढदिवस सांगितला होता, एकदा स्वतःच्या हाताचं प्लास्टर सांगितलं होतं. कुणी ऐकलं नव्हतं. आणि आज ज्या दिवसाला तो घाबरत होता, त्याच दिवसापुढे दौलतशेठसारखा माणूस नमला. वर्षातला एकच दिवस असा निघाला की ज्या दिवशी त्याला कुणी कामाला बोलावू शकत नव्हतं, आणि तो बाबांनी दिलेला होता. त्याला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते.

कावळा मात्र ढिम्म.

"बाबा, धंदा नीट सांभाळतोय," सुदेश पुढे होऊन म्हणाला. "एक बांबू विकला नाही तुमचा." कावळ्याने दुसरा पंख साफ करायला घेतला.

मग कलावतीचा तोल सुटला. "आता काय राहिलंय हो तुमचं? या पोराला सर्कस दाखवतो, सर्कस दाखवतो म्हणत तुमचा जन्म गेला. सर्कस यायची तेव्हा तुमचं कुठलं तरी लग्न! तो आज लेकीला नेतोय, तर तेही होऊ द्यायचं नाही का?"

प्राचीने सासूचा हात धरला. तेव्हा वल्लरी पुढे आली. तिने आजोबांना फक्त फोटोत पाहिलेलं. पानासमोर उभी राहून तिने हात जोडले आणि वर्गात बाईंना विचारावं तसं विचारलं, "आजोबा, तुम्ही बाबांचे साहेब ना? त्यांना आज सुट्टी द्या ना. प्लीज."

टाकीवरून पंख फडफडले. कावळा कठड्यावर उतरला, बाजूच्या भाज्यांना ढुंकूनही न बघता त्याने वडा उचलला आणि गेला.

"दिली गं, दिली!" कलावती ओरडली, आणि डोक्यावरचा पदर कमरेला खोचून सगळ्यांच्या आधी जिन्याकडे निघाली. प्राचीने चौघांच्या पानांवर घाईघाईने खीर वाढली, ती कुणी बसून खाल्ली, कुणी उभ्याने, आणि तासाभरात गाडी शिळफाटा ओलांडून गेली. गेली म्हणजे गेली. त्या क्षणी वल्लरीने टोपी घातली.

पार्कात म्हणाल तर शुक्रवार, त्यात पितृपंधरवडा. पाळण्यांना रांगाच नव्हत्या. मोठ्या रोलर कोस्टरवर बापलेक शेजारी बसली, आणि गाडी वर चढायला लागली तेव्हा सुदेशने सवयीने खालच्या खांबांचे जोड तपासले. मग एकदम खाली कोसळताना तो असा काही किंचाळला की लांब बाकावर बसलेली कलावती उठून उभी राहिली. वल्लरी दोन्ही हात वर करून हसत होती. सुदेशने वाऱ्यात डोळे उघडे ठेवायची धडपड केली ती तेवढ्यासाठीच. तिचं ते तोंड त्याला बघायचं होतं, आणि त्याने ते बघितलं.

उतरल्यावर वल्लरी आजीकडे धावत गेली. केस विस्कटलेले, गाल लाल, धाप लागलेली.

"आजी," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी आजोबांची षष्ठी कधी आहे?"

कलावतीने सुदेशकडे पाहिलं. त्याने मान हलवली, येऊ, येऊ, अशी, आणि लेकीचा हात धरून परत पाळण्याकडे निघाला.