ओमकारचा पाळणा

"फॉर्मॅट मारूया, काकू. दुसरा इलाज नाय."

गौरवनं म्हणायला आणि मथुराकाकूंनी हातातला अडकित्ता टेबलावर आपटायला एकच गाठ पडली.

"म्हणजे पुसून टाकायचं ना? सरळ बोल की मेल्या!"

"व्हायरसनं सगळं खाल्लान. आत काय उरलंच नाय. तुम्हीच नको ते काहीतरी दाबलंत असणार."

हे मात्र काकूंच्या जिव्हारी लागलं. रत्नागिरीच्या कोर्टासमोर तीस वर्षं टायपिंग केलेली ही बोटं, वकिलांच्या चुका गुपचूप निस्तरलेली. आणि ज्या पुतण्याला यांनीच बोट धरून अक्षरं गिरवायला शिकवली, तो आज कॉम्प्युटरचं दुकान टाकून विचारतो, काय दाबलंत!

आळीत बारसं कुणाचंही असो, पाळणा मथुराकाकूंचा. बाळाचं नाव ओवून नवं गाणं रचायचं, गायचं, टाइप केलेला कागद आईच्या ओटीत घालायचा. बावीस वर्षांचे दोनशे बारा पाळणे या म्हाताऱ्या कॉम्प्युटरात निजले होते. पण पंधरा दिवसांपूर्वी त्या पिवळ्या फोल्डरवर एक वाकडा बाण उगवला. उघडायला जावं तर काहीच उघडेना. गौरवनं दोनदा साफ केलं, दोनदा बाण परत आला.

दाराशी आळीतली सीता बसली होती. तिचा ओमकार एकोणीस वर्षांचा, मासेमारीच्या बोटीवर गेला तो आलाच नाही. उद्या त्याला वर्ष होणार होतं, त्या दिवसासाठी तिला त्याचा पाळणा हवा होता. तिच्याकडचा कागद कधीच वाळवीनं खाल्ला होता.

"'पाळण्याच्या दोरीला गं बांधिला शिंपला'... येवढंच येतंय गो काकू. म्होरलं काय होतं?"

काकूंनाही आठवत नव्हतं. त्याचाच तर संताप होता.

गौरवनं किल्ल्यांच्या जुडग्यातला पेन ड्राइव्ह पुढं केला. काकूंनी त्याचं मनगटच धरलं.

"थांब. हा कुठं कुठं घालून आणलास?"

"गिऱ्हाइकांच्या मशिनींना. का?"

"लग्नाचे फोटो दाखवलेस ते ह्याच्यातून. दुसऱ्या दिवशी बाण. साफ करायला आलास, हाच घातलास. परत बाण. आणि दाबलं मी? विंचू तुझ्या खिशात नि झाडू माझ्या घरात!"

गौरवनं पेन ड्राइव्ह मुठीत लपवला.

"आत काय नाय म्हणतोस, मग जागा दाखवणारी ही निळी पट्टी निम्मी भरलेली कशी? रिकाम्या हंड्याला वजन असतं होय रे?"

त्यानं वाकून पाहिलं. कान लाल झाले. "लपवलंन असणार... खाल्लं नसेल."

"मग सांग आज्ञा. टाइप मी करते."

काळ्या चौकटीत काकूंची बोटं नाचली. चालू असलेला व्हायरस आधी बंद केला. मशीन सुरू होताच जागी होणारी त्याची फाइल उडवली. मग लपलेल्या फायली उघड करायची आज्ञा. मशीन बंद केलं, पुन्हा लावलं. घरघर, घरघर. पिवळा फोल्डर आला. बाण नव्हता.

"चुकलं, काकू."

"ते सीतेला सांग. तिचं पोर दुसऱ्यांदा बुडवत होतास!"

बोलल्या आणि त्यांनी जीभ चावली. सीता तोवर उठून जवळ आली होती.

पाळणा उघडला. पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ होती:

ओमकार बाळानं दर्या गं जिंकिला.

काकूंचं बोट पुसायच्या बटणावर गेलं. सीतेला वाचता येत नव्हतं. दुसरी बरी ओळ घालायला कितीसा वेळ? पण सकाळपासून आपण कशासाठी भांडतोय, ते आठवलं. बोट मागं आलं. त्यांनी आहे तसं वाचलं.

सीता काचेकडे वाकली. मग म्हणाली, "त्याचं नाव कुठं हाय?"

काकूंनी दाखवलं आणि छपाई सुरू केली. तिनं काचेवर बोट ठेवलं आणि छपाई संपेपर्यंत उचललं नाही.

कागद पदरात घेऊन ती गेली. कॉम्प्युटर बंद केल्यावर काळ्या काचेवर एक गोल ठसा तेवढा उरला. काच रोज पदरानं पुसणाऱ्या काकूंनी आज नुसतं वरून फडकं घातलं, तेही जपून.