चौदाव्या नियमात बदल

स्पर्धा संपून आठवडा झाला होता. संजना पगारे सूचनांचे फॉर्म घेऊन बसली होती. नाशिकच्या एका तंत्रनिकेतनात ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, आणि शाळकरी मुलांच्या जिल्हा रोबो स्पर्धेची ती मुख्य पंच होती. स्पर्धा झाली की संघांकडून नियमांत काय बदल हवेत ते मागवायचं आणि त्यातलं निवडून समितीपुढे ठेवायचं, हे कामही तिच्याकडेच असे.

यंदाचा खेळ साधा होता. बारा फूट लांब, बारा फूट रुंद रिंगण, चार रोबो आणि वाळू भरलेल्या मुठीएवढ्या पिशव्या. त्या उचलून कडेच्या मांडणीत ठेवायच्या. पहिली वीस सेकंदं रिमोटला हात लावायचा नाही, रोबोनं आपलं आपण चालायचं. त्या वेळात रोबो सलग पाच सेकंद थांबला तर दहा गुण वजा. हा चौदावा नियम संजनानंच लिहिला होता. यंत्रं नुसती उभी राहिली की बघणारे कंटाळतात, असं तिचं म्हणणं.

बहुतेक सूचना नेहमीच्याच होत्या. पिशव्या हलक्या करा, वेळ वाढवा, दुपारच्या फेऱ्या लवकर घ्या. नामपूरच्या एका संघानं मात्र लिहिलं होतं, ‘खेळ चालू असताना पंचांनी पडलेल्या पिशव्यांना हात लावू नये.’ संजनाला नवल वाटलं. खेळ चालू असताना कुठलाच पंच रिंगणात पाऊलही टाकत नसे. चार फॉर्म उलटल्यावर घोटीच्या मुलींची तीच तक्रार आली. ‘आमच्या पडलेल्या पिशव्या कुणीतरी एका ओळीत लावून ठेवल्या.’ तिसऱ्या एका संघानं तर चित्रच काढलं होतं. रिंगणाच्या मध्याजवळ पाच पिशव्या, एकीला एक टेकून, सरळ ओळीत.

सर्वांत खालचा फॉर्म वहीच्या कागदावर हातानं लिहिलेला होता. पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेचा. पल्लवी गावित, इयत्ता नववी. ‘नियम चौदा बदलावा. समोर कोणी आहे म्हणून रोबो थांबला तर गुण कापू नयेत.’

संजनाला तो संघ आठवला. त्यांचा रोबो चारही फेऱ्यांत मध्याजवळ येऊन थांबला होता. चाळीस गुण गेले आणि संघ पहिल्याच दिवशी बाहेर पडला. तिसऱ्या फेरीनंतर ती त्या मुलीला म्हणाली होती, “सेन्सर बदला. काही नसताना थांबतोय तो.”

“सेन्सर चांगला हाय, मॅडम,” पल्लवी म्हणाली होती. “समोर कुणीतरी हाय.”

संजनानं ते हसण्यावारी नेलं होतं.

फॉर्मला दुसरा कागद टाचलेला होता. त्यावर रोबोनं मोजलेली अंतरं उतरवली होती. रोबो दर फेरीत वेगळ्या बाजूनं निघाला होता, पण चारही वेळा त्याला जे दिसलं ते एकाच जागी होतं. रोबोला दोन सेन्सर होते, एक जमिनीलगत आणि एक दोन फुटांवर. खालच्याला समोर काहीतरी दिसत होतं. वरच्याला समोर मोकळं होतं.

म्हणजे दोन फुटांहून बुटकं.

संजनानं सगळ्या फेऱ्यांचे तक्ते काढले. ज्यांच्या रोबोंना अंतर मोजायचे सेन्सर होते असे एकूण एकोणीस रोबो त्याच जागी थांबले होते, नाहीतर वळून गेले होते. सेन्सर नसलेले सरळ त्या जागेवरून गेले होते. ते वाचताना तिनं नकळत पाय खुर्चीवर घेतले.

दुसऱ्या दिवशी तिनं आश्रमशाळेत फोन केला. सुनील भोये नावाचे विज्ञानाचे शिक्षक संघाचे मार्गदर्शक होते. शुक्रवारी ते पल्लवीला आणि रोबोला घेऊन एसटीनं आले. स्पर्धा झालेला हॉल सातपूरच्या पुढे होता, पाच वर्षांपूर्वी बांधलेला. रिंगण उचललं होतं, फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. सकाळचे अकरा वाजले होते. उंच खिडक्यांतून भरपूर ऊन आत आलं होतं. झाडलोट करणाऱ्या वत्सलाबाई दाराशी फडकं पिळत होत्या.

पल्लवीनं रोबो खाली ठेवला, लॅपटॉप जोडला आणि बटण दाबलं. रोबो घरघरत निघाला आणि मध्याच्या जरा डावीकडे, फरशीवर काहीही नसताना, थांबला.

पडद्यावर आकडा होता अडतीस. अडतीस सेंटिमीटर.

संजनानं पुढे होऊन त्या जागेवरून हात फिरवला. हाताला काही लागलं नाही. फक्त तिथली हवा गार होती, माठाच्या तोंडाशी असते तशी. तिनं हात काढून घेतला.

“उन्हाची तिरीप असेल,” ती म्हणाली. “फरशी चमकते.”

सुनील सरांनी खिडकीचा पडदा ओढला. आकडा तोच राहिला. मग तो छत्तीस झाला. मग एकतीस.

“रोबो सरकतोय का?” संजनानं विचारलं.

“नाय,” पल्लवी म्हणाली. “चाकं बंद हायेत.”

चोवीस. सतरा. मध्येच थोडा वेळ सतराच राहिला, चालता चालता कुणी थबकावं तसा. संजनानं रोबो उचलायला हात पुढे केला.

“नका, मॅडम,” पल्लवी हळू आवाजात म्हणाली. “घाबरंल ते. येऊ द्या.”

नऊ. चार. मग आकडा दिसेनासा झाला, कारण त्याहून जवळचं त्या सेन्सरला मोजता येत नव्हतं. रोबोचा पुढचा भाग किंचित खाली दबला आणि परत वर आला. पुन्हा दबला, पुन्हा वर आला. कुणीतरी त्यावर हात टेकून बघत होतं.

तिघंही जागची हलली नाहीत. थोड्या वेळानं दबणं थांबलं. मागे वत्सलाबाईंच्या हातातलं फडकं बादलीत पडलं.

“तिथंच बसायचं ते,” त्या म्हणाल्या.

संजनानं वळून पाहिलं. “कोण, मावशी?”

वत्सलाबाई आत आल्या नाहीत. दाराच्या चौकटीला धरूनच बोलल्या. हॉलचं बांधकाम चालू होतं तेव्हा त्या तिथंच पाणी मारायच्या कामावर होत्या. पेठ-सुरगाण्याकडची माणसं कामाला आली होती. त्यांत एक बाई होती, तिचं दोन वर्षांचं पोर. आई विटा वाहायची तेव्हा ते इथं वाळूच्या ढिगाजवळ बसायचं.

“लय शांत पोर. खडी घ्यायचं आन् ओळीनं लावत बसायचं दिवसभर. त्या दिवशी डंपर मागं येत होता. मी वरडले, आईबी वरडली. ड्रायव्हरला काचातून काय दिसतं एवढंसं? मुकादम म्हणत होता, थांबू नको, घे मागं, उशीर होतोय.” त्या थांबल्या. “नाय थांबला.”

“मग?”

“मग काय. सांजच्याला ती माणसं टेंपोत बसून गावाला गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी आली. काम काय थांबलं नाय.”

“त्याचं नाव काय होतं?” पल्लवीनं विचारलं.

वत्सलाबाईंनी आठवून पाहिलं. “कुणी विचारलंच नाय गं, बाई.”

पल्लवीनं रोबो उचलून लगेच पिशवीत भरला नाही. फरशीवरून हळूहळू चालवत दारापर्यंत नेला. मध्ये दोनदा थांबवून मागे वळवला, पडद्यावरचा आकडा पाहिला, पुन्हा दाराकडे चालवला. संजना ते बघत उभी राहिली. पल्लवी असं का करते आहे, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

पुढच्या बुधवारी समितीची बैठक झाली. अध्यक्ष प्रफुल्ल देवरे सर एका कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंते होते. पिशव्यांचं वजन, फेऱ्यांची वेळ हे सगळं भराभर ठरलं. चौदाव्या नियमावर मात्र ते अडले.

“थांबलेल्या रोबोला शिक्षा नाही म्हटलं तर सगळेच थांबतील. खेळ मरेल, मॅडम. आणि हा नियम तुमचाच आहे.”

“माझाच आहे. चुकीचा लिहिला मी.” हॉलमध्ये काय झालं ते संजनानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नियमाऐवजी तिच्या तब्येतीची चर्चा झाली असती. “आपण मुलांना चालणारी यंत्रं करायला शिकवतो. ती यंत्रं उद्या गोदामात, रस्त्यावर, बांधकामावर चालतील. समोर कुणी आहे असं वाटून यंत्र थांबलं, तर ते बिघडलेलं नाही. ते बरोबर चाललेलं आहे. आपण त्याचेच गुण कापतो.”

“आणि समोर कुणी नसलं तर?”

“सेन्सरची नोंद बघायची. नोंदीत असेल, तर आहे असं धरायचं.”

शेवटी नियम बदलला. सेन्सर सक्तीचा झाला, आणि नोंद दाखवली तर थांबल्याबद्दल गुण कापायचे नाहीत, असं ठरलं.

हे कळवण्याआधी संजना प्रयोगशाळेतला एक सेन्सर घेऊन एकटीच हॉलमध्ये गेली. तिनं तो त्या जागेसमोर धरला. आकडा थेट पलीकडच्या भिंतीचा आला. सगळ्या बाजूंनी धरून पाहिला. तिथं काहीच नव्हतं. हवाही बाकीच्या हॉलसारखीच होती.

तिनं बाहेर येऊन पायरीवर बसूनच सुनील सरांना फोन लावला. नियम बदलल्याचं सांगितलं. त्यांनी आभार मानले, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

“सर, हॉलमधली ती जागा आता मोकळी आहे,” संजना म्हणाली.

पलीकडे मागून मुलांच्या पाढ्यांचा आवाज येत होता.

“हो, मॅडम. शुक्रवारी एसटीत रोबो मांडीवर होता. घाटात पल्लवीनं चालू करून पाहिला, तेव्हाच समोर काही नसताना तो चार आकडा दाखवत होता. आम्ही कुणाला बोललो नाही.” मग ते म्हणाले, “ती इथंच आहे. बोला तिच्याशी.”

“पल्लवी, तुला भीती नाही वाटत?” संजनानं विचारलं.

“वाटती, मॅडम,” पल्लवी म्हणाली. “त्याचे आईबाप कुठल्या पाड्यावरचे ते शोधतोय आम्ही. सरांनी तीन गावांत निरोप दिलाय. तंवर ऱ्हाऊ दे इथं. पहिलीच्या वर्गात जागा हाय.”